हातभर सोडलेली कड

दिवाळी आटोपली की आमच्या गल्लीत मुरमाचा ट्रक येतो. पावसाळ्याने खाल्लेला रस्ता बुजवायचा असतो. ट्रकचं मागचं फळकूट उघडतं, तांबडा ढीग धाडकन खाली येतो आणि पुढचे चार दिवस सगळी गल्ली शिंकत राहते. लोक नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतात, बायका वाळत घातलेले कपडे आत ओढतात. मी मात्र तांब्या भरून बाहेर जाते आणि ढिगाच्या एका कडेवर पाणी ओतते. ऐंशी कधीच ओलांडली, गुडघे कुरकुर करतात, पण वर्षातून एकदा एवढी चैन मी करते.

यंदा शेजारच्या सुनेने पाहिलं. "काकू, मुरमाले काऊन पानी घालून राह्यल्या? त्याच्यातून झाड थोडीच उगवते!"

"बसायला पाहिजे ना तो," मी म्हटलं.

ती हसत आत गेली. म्हातारीला खूळ लागलं असं सासूला सांगितलंही असेल. सांगू दे. ओल्या मुरमाचा वास ओल्या मातीसारखा नसतो. त्यात गोडवा कमी, लोखंड जास्त. तो नाकात गेला की माझ्या तळव्यांना सायकलच्या मुठी आठवतात आणि मी बावीस वर्षांची होऊन आलापल्लीच्या रस्त्यावर उभी राहते.

पन्नासच्या दशकातला एक हंगाम, दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि गडचिरोली जिल्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. नर्सचं शिक्षण संपवून मी आलापल्लीच्या दवाखान्यात रुजू झाले होते. गावात जिकडेतिकडे सागाचे ओंडके, वनखात्याच्या कचेऱ्या आणि त्यापलीकडे नुसतं रान. दवाखान्यात दिवसभर दोन खोकले आणि एक खरूज येई. बाळंतिणी कधीच येत नसत. त्या रानातल्या गावांत आपापल्या घरी बाळंत होत, आणि कधी कधी तिथेच संपत.

चांद्याहून मोठे डॉक्टर तपासणीला आले तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, इथे खुर्चीत बसून राहायला तुम्हाला पाठवलेलं नाही. मुलचेऱ्याच्या रस्त्याला पाच गावं आहेत. दवाखान्याची सायकल पडून आहे. शिमग्यापर्यंत त्या गावांची फेरी सायकलवर करायला लागलात, तर राहा. नाहीतर ही जागा बाईमाणसाची नाही असं मी लिहून टाकतो."

सायकलीला मी तोवर हातही लावला नव्हता. आणि परत जायचं म्हणजे वर्ध्याला भावाच्या घरी. तिथे भावाने माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. त्या माणसात खोट अशी काही नव्हती. शांत होता, निर्व्यसनी होता, दोन मुली होत्या. पण मला तो नको होता. मला ती पाच गावं हवी होती, जी मी अजून पाहिलीही नव्हती. असं का, हे तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

सायकल पुरुषी होती, मधे दांडी असलेली आणि माझ्या कमरेपेक्षा उंच. पहिल्याच दिवशी पाचवारीचा पदर साखळीत गेला आणि मी दवाखान्याच्या आवारातल्या तुळशीवर पडले. दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळातून आईचं जुनं नऊवारी काढलं आणि काष्टा मारला. शिकलेल्या बायका गोल पातळ नेसतात म्हणून मी ऐटीत सोडलेला काष्टा सायकलने मला मुकाट्याने घालायला लावला. कंपाउंडरने आठवडाभर सीट धरून धावाधाव केली, मग दम लागून सोडून दिली आणि सांगितलं, "आता पडा तिकडे रस्त्यावर."

तो रस्ता! आजच्या गुळगुळीत डांबरावर चालणाऱ्यांना तो कसा सांगावा? साग, ऐन, धावड्याच्या रानातून तांबड्या मुरमाचा पट्टा चढत-उतरत जाई. दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. डोंगराच्या अंगाला काळे खडक वर आलेले. रस्त्याचे ओव्हरसियर सांगत की हा दगड म्हणजे फार पूर्वी जमिनीतून उकळून वर आलेला रस आहे, तो इथे थिजला. मला त्या विद्वत्तेचा उपयोग नव्हता. त्या थिजलेल्या रसाचे सुपारीएवढे खडे चाकाखाली आले की सायकल हातातून निसटते, एवढंच मला कळत होतं. सकाळी रस्त्यावर सांबरांच्या लेंड्या पडलेल्या असत आणि दंवाने रंग गडद झालेला असे. मी पडे, उठे, गुडघ्याला आयोडिन लावे आणि पुन्हा टांग मारी.

रस्त्याचे पहिले सहा मैल, ताडगुडा या पहिल्या गावापर्यंत, दलसूभाऊच्या ताब्यात होते. दलसू माडिया होता, रस्त्याच्या गँगमधला. चाळिशीचा, बुटका, पोटऱ्या लाकडासारख्या टणक. फावडं, घमेलं आणि लाकडी धुमस एवढा त्याचा संसार. मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचा, आणि गाड्यांनी उखडला की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. मला तू, ओव्हरसियरसाहेबांनाही तू. ओव्हरसियर आधी चिडत, मग सवयीचं झालं.

पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला तेव्हा मी सायकल ढकलत चालले होते.

"जोहार बाई. काल तू नाल्याच्या उतारावर उतरलीस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. हे पाह्य, चाक इथी थांबलं. हे तुये पाय. मंग तिथपर्यंत चालत गेलीस." त्याने फावड्याने जागा दाखवली. "आणि इथी उभी राह्यलीस, बराच वेळ. काऊन?"

मी तिथे उभी राहून रडले होते. ते मुरमात उमटलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

दलसू आयुष्यात कधी सायकलवर बसला नव्हता. पण आपल्या सहा मैलांवरून रात्रीत कोण गेलं, अस्वल की रानडुक्कर, भरली गाडी की रिकामी, हे तो सकाळी वाचून काढी. आता त्यात माझं चाक आलं होतं. रोज सकाळी तो माझी कालची फेरी वाचे आणि मी आले की निकाल सांगे. "सरळ गेली ना सायकल, तं मागचं चाक पुढच्याच्याच वाटेनं जाते. एकच रेघ उमटते. तुये तं दोन साप हायेत. एकमेकाले चावून राह्यले!" आणि मोठ्याने हसे. हसण्यात कुचेष्टा नसे, त्याला खरोखरच गंमत वाटे. मला मात्र राग येई. मी म्हणे, "तुम्ही बसून दाखवा मग." तो म्हणे, "मी काऊन बसू? मले पाय हायेत."

पण त्याने सांगितलेलं सगळं खरं निघे. मुरूम सकाळी दंवाने बसलेला असतो, दुपारी उन्हाने सुटतो. म्हणून सकाळी जा आणि येताना सावलीच्या अंगाने ये. पौषात चाकोरीत धूळ भरते, ती वरून मऊ दिसते आणि चाक गिळते. उतारावर घाबरून ब्रेक एकदम दाबू नको, मुरूम धावतो. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे, "खडा नको पाहू. बैलाले खड्डा दाखवला तं तो खड्ड्यातच जाते. रिकामी जागा पाह्य." हे एक वाक्य मला सायकलीबाहेरही कितीदा उपयोगी पडलं आहे.

मी पडे ती जागा दुसऱ्या दिवशी ठोकलेली, सपाट केलेली सापडे. तो तसं कधी म्हणाला नाही, मीही कधी विचारलं नाही.

ताडगुड्याच्या बायका आधी दारं लावून घेत. माझ्यासाठी नाही, सायकलीसाठी त्या बाहेर आल्या. काष्टा मारलेली बाई दोन चाकांवर बसून येते हे नवलच होतं. त्या चाक फिरवून बघत, तारांमधून बोट घालत, एकमेकींना ढकलत. एका म्हातारीने सीट दाबून पाहिली आणि तोंडाला हात लावून हसत सुटली. मग कोणी बोरं पुढे केली, कोणी पाणी दिलं. पौष संपता संपता एका गरोदर बाईने स्वतःहून माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. सायकल भिंतीला टेकवलेली होती, बाहेर धान झोडण्याचा आवाज चालू होता, आणि माझ्या तळव्याखाली ते पोर हललं. त्या क्षणी मला पक्कं कळलं की मी इथून जाणार नाही. जाणार नाही म्हणजे, मला जाववणार नाही.

माघात पळस फुलले. चार गावं झाली, मग पाचवंही झालं. एका सकाळी दलसू रस्त्यात उकिडवा बसला होता. मी सायकल थांबवली. नेहमीसारखा निकाल येईल म्हणून वाट पाहिली. त्याने मुरमावरून बोट ओढलं आणि म्हणाला, "एकच." बस, तेवढंच. मला नर्सिंगच्या परीक्षेत पास झाल्याचं कळलं होतं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मागच्या वर्षी समोरच्या घरातला मुलगा आला. इथे नोकरीला आहे, रविवारी मित्रांबरोबर सायकलवर रानात जातो. हल्ली जाड टायरच्या खास सायकली निघाल्या आहेत, डांबर सोडून मुद्दाम खडीच्या, मुरमाच्या वाटांनी जायच्या. तो म्हणाला, "आजी, तुम्ही त्या भागात सायकल चालवायच्या ना? आम्ही मुलचेऱ्याकडच्या आतल्या वाटा शोधून राह्यलो." फोनवर नकाशा दाखवला. ज्या चढांवर मी जीव टाकला ते त्याच्या नकाशात निळ्या दोऱ्यासारखे होते. मला हेवा नाही वाटला, मजा वाटली. मी सांगितलं की सकाळी लवकर निघा, धुळीत जाऊ नका, खडा बघू नका. तो कौतुकाने म्हणाला, "कोणी शिकवलं तुम्हाला?"

"सवयीने आलं," मी म्हटलं.

तो गेल्यावर मला माझीच लाज वाटली. साठ-पासष्ट वर्षं मी हेच उत्तर देत आले आहे. म्हणून यंदा लिहायला बसले.

फाल्गुन लागला आणि निरोप आला: मोठे डॉक्टर जीपने येणार, ताडगुड्यापर्यंत माझी सायकल समक्ष बघणार, पुढच्या गावांची नोंदवही तपासणार आणि तिथेच काय ते लिहिणार. मला धास्ती नव्हती. सहा मैल आता हातचा मळ होते.

पण आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की रस्ता सजवायचा असतो. ओव्हरसियरसाहेबांनी गँगला हुकूम सोडला की ताडगुड्यापर्यंत नवा मुरूम पसरा, तांबडा लाल दिसला पाहिजे. ठोकायला, पाणी मारायला वेळ नव्हता. नुसता पसरा. माणूस वाईट नव्हता, पाहुण्यासाठी पायघड्या घालाव्यात इतक्या भाबडेपणाने त्याने ते केलं. ताज्या पसरलेल्या सुट्या मुरमात सायकल चालवणं म्हणजे धान्याच्या राशीत चालवणं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या सकाळी मी दवाखान्यातून निघून वळण घेतलं आणि पाहिलं. समोर रस्ता लग्नघरासारखा सजला होता. चार बोटं जाड, भुसभुशीत, लाल. मागे जीप उभी होती. डॉक्टरांनी हात बाहेर काढून खूण केली: व्हा पुढे.

मी टांग मारली. दहा हातांवर पुढचं चाक रुतलं, मी पाय टेकवला. मागून जीपचा आवाज येत होता. वर्ध्याचं घर, भावाचं ते समजूतदार तोंड, सगळं डोळ्यांपुढे आलं. रिकामी जागा बघायची तर रिकामी जागा होतीच कुठे? आणि मग दिसली. डाव्या कडेला, रानाच्या बाजूने, हातभर रुंदीची एक पट्टी कोरी सोडलेली होती. जुना, बसलेला, टणक मुरूम. वळणामागून वळण ती पट्टी पुढे गेली होती. नाल्याच्या उतारावर, जिथे मी नेहमी कच खाई, तिथे ती हातभराची दीड हात झाली होती.

मी त्या पट्टीवर चढले. पुढचं मला नीट आठवत नाही. हवेला मोहाच्या फुलांचा पहिला वास होता आणि मी कुठेही पाय टेकवला नाही, एवढं आठवतं. जीप मात्र नाल्यापलीकडच्या चढावर घसरली, गुरगुरली आणि तिचं मागचं चाक मुरमात फिरत राहिलं. मी ताडगुड्याला पोहोचून घाम पुसत होते तेव्हा ती धापा टाकत आली. डॉक्टर हसतच उतरले. "बाई, तुम्ही तर आम्हाला मागे टाकलं." नोंदवही पाहिली आणि तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. माझी जागा कायम झाली.

त्यांच्यामागून जीपमधून उतरलेले ओव्हरसियरसाहेब हसत नव्हते. साहेबांची जीप रुतली होती, आणि तीही त्यांनीच सजवलेल्या रस्त्यावर. कोणावर तरी हे निघणारच होतं. गँगची माणसं बाजूला उभी होती.

"दलसू, कडेला मुरूम का नाही टाकला?"

"पुरला नाई साहेब."

त्याच्या मागेच, चार पावलांवर, मुरमाचा उरलेला ढीग होता. चांगला कमरेएवढा. सगळ्यांना दिसत होता. दलसूने त्याआधी खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते येतच नव्हतं. ओव्हरसियरांनी ढिगाकडे बोट केलं. दलसूने वळून ढिगाकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं आणि म्हणाला, "पुरला नाई."

मी तीन पावलांवर उभी होते. "साहेब, ही पट्टी माझ्यासाठी सोडली" एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टर ऐकत होते. कागदावरची शाई ओली होती. मुद्दाम करून दिलेल्या पट्टीवरून सायकल चालवली तर ती परीक्षा कसली, असं ते म्हणाले तर? मी खाली वाकले आणि सायकलची साखळी बघू लागले. साखळी जागेवर होती. मी ती तरीही बोटांनी चाचपत राहिले, जीप निघून जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दलसूचं नाव गँगमधून काढलं.

महिनाभर मी त्याच्या सहा मैलांवरून गेले-आले. तिथे आता दुसरी माणसं होती. माझं चाक कोणी वाचत नव्हतं. लोक कौतुक करत, बाई काय सफाईने चालवते म्हणत, आणि मी ते ऐकून घेत असे. चैत्रात धीर गोळा करून त्याच्या गावी गेले. रस्ता सोडून दोन मैल पाऊलवाट होती. तो घराजवळ मोहाखाली फुलं वेचत होता, टोपली अर्धी भरलेली. मला पाहून त्याला आनंद झाला, तो लपवायचंही त्याला सुचलं नाही. बायकोने पाणी आणलं. शेताचं विचारलं, तो म्हणाला, पाऊस आला की धान पेरू. गँगचं नाव त्याने काढलं नाही.

मीच काढलं. महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य होतं ते. "दलसूभाऊ, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

आता तो म्हणेल, जाऊ दे बाई. म्हणेल, तू बोलून काय झालं असतं. आपल्याकडे माणसं असंच म्हणतात, आणि समोरच्याच्या छातीवरचा दगड उतरतो. त्यासाठीच तर मी दोन मैल पाऊलवाट तुडवून गेले होते. मी वाट बघत राहिले.

त्याने हातातली फुलं टोपलीत टाकली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"हो," तो म्हणाला. "बोलाले पायजे होतं."

मग म्हणाला, "तुयासाठी एक डाव खोटं बोललो, बाई. आता अजून नाई बोलत."

आणि सरकून त्याने मला मोहाखाली बसायला जागा केली.